क्लच घसरूं लागला म्हणजे

ज्या घरांत मोटारसायकल आहे, त्या घरांतील निदान एका माणसास तरी तिच्या क्लचची ओळख असावी, असें आमचें मत आयुष्यांत फार उशिरां झालें. तें ज्या प्रसंगानें झालें तो सांगतांना आम्हांस आजहि थोडी लाज वाटते. परंतु तो वगळला तर पुढील माहिती एखाद्या कारखान्याच्या पुस्तिकेसारखी कोरडी होईल, म्हणून तोच आधीं सांगतों.

आम्ही वाईस राहतों. धाकटी कन्या पांचगणीस असते. अंतर सुमारें १२ किलोमीटर, व त्यांत पसरणीचा घाट. २०२४ सालच्या वैशाखांत एके सकाळीं आम्ही उभयतां मोटारसायकलवरून तिकडे निघालों. गाडी १०० सी. सी. ची, चौदा वर्षांच्या सेवेची. मागल्या आसनावर सौभाग्यवती व त्यांच्या मांडीवर आंब्यांची करंडी. घाट लागला, पहिलीं वळणें सुखानें पार पडलीं, आणि पुढच्या चढावर इंजिनानें एकाएकीं असा टाहो फोडिला कीं आम्ही दचकलोंच. आवाज वाढला, पण गाडी पुढें धांवेना. उलट तिचा वेग माणसाच्या चालीवर आला. जों जों मूठ पिळावी तों तों इंजिन ओरडे आणि चाक आळसावे. मागून एस्. टी. ची गाडी कर्णा वाजवीत होती. अखेर सौभाग्यवती उतरल्या, करंडी कडेवर घेतली व चालूं लागल्या. त्या कांहीं बोलल्या नाहींत. छत्तीस वर्षांच्या संसारानंतर त्यांच्या न बोलण्याचा अर्थ आम्हांस बोलण्याहून अधिक स्पष्ट कळतो.

पुढें जाण्यांत अर्थ नव्हता. रुंदशी जागा पाहून गाडी वळविली, कन्येस फोनवरून कळविलें, व उतारानें हळूहळू घरीं आलों. उतरतांना गाडी अशी साळसूदपणें चालली कीं जणूं कांहीं घडलेंच नाहीं.

आतां लाजेची गोष्ट. दोनच महिन्यांपूर्वीं, फाल्गुनांत, आम्हीं याच गाडीस नव्या क्लच प्लेटा बसवून घेतल्या होत्या. बसविणारा आमचाच जुना विद्यार्थी. संस्कृतांत दोन वेळां नापास झालेला, परंतु आज चाळिशी गांठल्यावर गांवांत हाताचा स्वच्छ म्हणून नांवाजलेला मेकॅनिक. आमच्या मनांत तर्क तयार होता: प्लेटा बदलल्या, त्यानंतर क्लच घसरला, तेव्हां प्लेटाच खोट्या. कावळा बसण्यास आणि फांदी मोडण्यास एकच गांठ पडली म्हणून कावळ्यास दोषी धरूं नये, हें ज्यांनीं पस्तीस वर्षें वर्गांत काकतालीय न्यायाच्या नांवानें शिकविलें, त्यांनीं दुसऱ्या दिवशीं गॅरेजांत जाऊन चार गिऱ्हाइकांदेखत विचारलें, “जुन्याच प्लेटा धुऊन परत बसविल्यास ना रे?”

त्यानें हात पुसले. “गुरुजी, गाडी ठेवून जा. उद्यां तुमच्यासमोरच उघडतों,” एवढेंच तो म्हणाला.

त्याच दुपारीं घरीं चहा झाला. सौभाग्यवतींनीं शेगडीवरचें पातेलें उतरून नेहमींप्रमाणें एका वाटोळ्या दातेरी कडीवर ठेविलें, आणि आमची नजर त्या कडीवर खिळली. फाल्गुनांत काढलेल्या जुन्या प्लेटा त्या मुलानें कागदांत गुंडाळून, “गुरुजी, ह्या घरीं न्या,” म्हणून आमच्या हातीं दिल्या होत्या. त्यांतील दोन सौभाग्यवतींनीं सोड्यानें घासून ऊन भांडीं ठेवण्यास घेतल्या होत्या. ज्या मालाच्या चोरीचा आम्हीं बोभाटा केला, तो आमच्याच ओट्यावर, आमच्याच चहाखालीं होता. तरीहि अभिमान एकदम मरत नाहीं. “नव्या बसविल्या असतील, पण हलक्या प्रतीच्या असतील,” अशी एक पळवाट मनानें रात्रींतच शोधून ठेविली.

येथें क्लच म्हणजे काय, हें सांगणें भाग आहे. या शब्दास चांगला प्रतिशब्द असावा म्हणून आम्हीं एकदां ‘ग्राहक’ हा शब्द योजून पाहिला होता. परंतु “तुझा ग्राहक घसरला आहे” असें गॅरेजांत म्हणतांच भलताच अर्थ झाला. तेव्हां क्लच तो क्लचच.

इंजिन एकसारखें फिरत असतें. चाकास मात्र कधीं फिरावयाचें, कधीं थांबावयाचें. शिवाय गिअर बदलतांना दोघांची क्षणभर फारकत व्हावी लागते. ही जोडतोड क्लच करितो. आमच्यासारख्या गाडींत इंजिनाच्या उजव्या झांकणाआड, कडेस खांचा असलेलें एक वाटोळें भांडें असतें. त्यास इंजिन फिरवितें. त्याच्या मध्यभागीं बैलगाडीच्या चाकास असतो तसा एक तुंबा. तो गिअरकडे जातो. या दोहोंच्या मधल्या जागेंत कड्यांची चळत. एका कडीवर घर्षण करणाऱ्या द्रव्याचे तुकडे चिकटविलेले असून तिचे दांत बाहेरच्या अंगास, भांड्याच्या खांचांत बसणारे. तिच्या शेजारची कडी नुसती पोलादी, तिचे दांत आंतल्या अंगास, तुंब्यावर बसणारे. मग पुन्हां पहिलीसारखी, पुन्हां दुसरीसारखी. स्प्रिंगा ही सगळी चळत दाबून धरितात, आणि त्या दाबानें भांडें, कड्या व तुंबा हीं एकजीव होऊन फिरतात. डाव्या हाताचा लीव्हर ओढला कीं दाब सुटतो, कड्या सैल होतात, व इंजिन एकटें फिरत राहतें.

क्लच घसरणें म्हणजे लीव्हर सोडलेला असूनहि या कड्यांनीं एकमेकींवरून सरकणें. मग इंजिनाची शक्ति चाकापर्यंत न पोंचतां वाटेंतच उष्णतेंत जाते. सपाटीवर, एकटा माणूस हळू चालवीत असतां हा दोष पुष्कळ दिवस लपून राहतो, कारण तेथें इंजिनास पुरता जोर लावावा लागत नाहीं. वरचा गिअर, चढ, आणि मागें बसलेलें माणूस, हीं तिन्ही एकत्र आलीं म्हणजे तो उघडा पडतो. संशय असेल तर मोकळ्या सपाट रस्त्यावर गाडी वरच्या गिअरमध्यें मध्यम वेगानें न्यावी व मूठ एकदम पिळावी. आवाज आधीं उसळला आणि वेग मागें रेंगाळला, तर क्लच घसरतो असें खुशाल समजावें. आवाजच चढेना व गाडीहि जड चालेना, तर क्लच निर्दोष असून दुखणें इंजिनाचें किंवा अडकून बसलेल्या ब्रेकचें आहे. खडखड आवाज करीत झटके बसत असतील तर साखळी व तिचीं दातेरी चक्रें पाहावीं. जुन्या बुलेटवाल्यांस आणखी एक खूण ठाऊक असते. १९५५ नंतर मद्रासेंत तयार होऊं लागलेल्या त्या गाडीची किक क्लचमधूनच इंजिनास फिरवीत असे. त्यामुळें क्लच घसरूं लागला कीं किकहि पायाखालीं पोकळ जाई.

घसरण्याच्या नेमका उलट असा दुसरा दोष आहे, व पुष्कळ लोक या दोहोंची गल्लत करितात. लीव्हर पूर्ण ओढूनहि गाडी पुढें ओढ घेते, उभ्या गाडीचा न्यूट्रल सांपडत नाहीं, गिअर कुरकुरत पडतो, तर क्लच घसरत नसून सुटत नाहीं असें समजावें. तेथें केबल थोडी ओढून घ्यावी लागते. घसरणाऱ्या क्लचला ती ढिली करावी लागते. निदान चुकलें तर औषधानेंच रोग वाढतो.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही गॅरेजांत एका पालथ्या डब्यावर बसलों. त्यानें प्रथम हत्यारास हातच लाविला नाहीं. लीव्हरचें टोंक दोन बोटांत धरून तें किती मोकळें हलतें हें पाहिलें. लीव्हर ओढूं लागल्यावर आरंभींचा थोडा प्रवास अगदीं हलका, बिनजोराचा असावा लागतो. त्यालाच मोकळीक म्हणावयाचें. आमच्या गाडीस टोंकाशीं १० ते २० मिलिमीटर मोकळीक सांगितलेली आहे. इतर गाड्यांचें माप निराळें असतें, तें ज्याच्या त्याच्या पुस्तिकेंत पाहावें. ही मोकळीक मुळींच नसेल तर लीव्हर सोडलेला दिसतो खरा, पण केबल आंतून ताठच असते व स्प्रिंगांचा दाब कड्यांवर पुरता पडत नाहीं. प्लेटा झिजत जातात तसतशी मोकळीक आपोआप कमी होते, म्हणून ती अधूनमधून पाहणें प्राप्त आहे. दुरुस्ती सोपी असते: इंजिनाशेजारीं केबलच्या टोंकास दोन नट असतात, एक पेंच फिरविण्याचा व एक तो कुलूपबंद करण्याचा; बारीक फरक हँडलजवळच्या पेंचानेंहि होतो. त्यानें हँडल पूर्ण डावीकडे व पूर्ण उजवीकडे वळवूनहि मोकळीक तपासली, कारण केबल भलत्या वाटेनें नेलेली असली तर हँडल वळतांच ती ओढली जाते. केबल आंत तुटत चालली असेल वा गंजली असेल तर लीव्हर सोडल्यावर ती पुरती परतत नाहीं. तेंहि त्यानें पाहिलें. आमची मोकळीक १५ मिलिमीटर भरली. केबल निर्दोष.

आणि येथें त्याचा क्रम आमच्यामुळें चुकला. एरवीं यानंतर त्यानें जो प्रश्न विचारला असता, तो त्यानें विचारला नाहीं. कारण आम्हीं त्याच्या प्लेटांवर आरोप ठेविला होता, व आधीं त्यांची सुटका होणें त्याला अवश्य वाटलें. दोन मिनिटांत होणारें काम त्यामुळें दोन तासांवर गेलें, आणि एक नवें पॅकिंग खर्चीं पडलें.

तेल काढलें, उजवें झांकण उतरविलें, स्प्रिंगांचे बोल्ट समोरासमोरचे असे थोडे थोडे सैल करीत काढले. चळत बाहेर आली. त्यानें व्हर्निअर आमच्याच हातीं दिला. “गुरुजी, तुम्ही मापा. माझ्या मापावर कशाला जातां?” या वाक्यांत कोठेंहि उद्धटपणा नव्हता, म्हणूनच तें अधिक लागलें. पुस्तिकेप्रमाणें घर्षणप्लेट २.६ मिलिमीटरहून पातळ झाली कीं टाकून द्यावयाची. एकेक मापीत गेलों: २.९, २.९, २.९. घरून आणलेली चहाखालची कडी मापली, ती २.५ भरली. पोलादी कड्या त्यानें जाड कांचेवर ठेवून खालीं ०.२ मिलिमीटर जाडीची पट्टी सरकवून पाहिली. कडी वांकली असेल तर पट्टी खालीं शिरते. तापून गेली असेल तर तिच्यावर निळसर झांक येते. पट्टी शिरली नाहीं, झांकहि नव्हती. स्प्रिंगांची उंची सारखी व पुस्तिकेंतील मापाच्या आंत बसणारी. भांड्याच्या खांचांत प्लेटांच्या दांतांनीं खळगे पाडले आहेत काय, हेंहि बोट फिरवून पाहिलें. तसें कांहीं नव्हतें. आमची पळवाट तेथेंच बंद झाली.

मग त्यानें विचारलें, “गुरुजी, मी प्लेटा घातल्या तेव्हां जुनेंच तेल परत भरलें होतें, आणि पंधरा दिवसांनीं बदला म्हणून सांगितलें होतें. कोणतें भरलेंत?”

आम्हीं मोठ्या प्रौढीनें सांगितलें कीं उत्तमांतलें उत्तम भरलें. चैत्रांत आमचे चिरंजीव पुण्याहून आले होते. त्यांच्या मोटारीसाठीं घेतलेलें, पूर्ण सिंथेटिक, भारी किंमतीचें तेल लिटरभर उरलें होतें. आम्हीं विचार केला, वायां कां घालवा? अंगणांत स्वतःच्या हातानें जुनें तेल काढलें, नवें भरलें, आणि तीनचारशें रुपये वांचविल्याचा आनंद रात्रीं जेवतांना बोलूनहि दाखविला.

तो हंसला नाहीं. नुसता म्हणाला, “डबा आहे का घरीं?”

डबा आणला. त्यावर एका वर्तुळांत बारीक अक्षरांनीं ‘रिसोर्स कन्झर्व्हिंग’ असें छापलेलें होतें. याचा अर्थ, पेट्रोल वांचावें म्हणून या तेलांत घर्षण कमी करणारीं द्रव्यें घातलेलीं असतात. मोटारींत हा गुणच आहे. बहुतेक मोटारींचा क्लच कोरडा, इंजिनाच्या तेलाबाहेर बसविलेला असतो. तेलानें कितीहि निसरडेपणा केला तरी त्याला त्याची वार्ता नसते. आमच्या मोटारसायकलींत तेंच तेल इंजिनास, गिअरांस व क्लचला असें तिघांस पुरवावें लागतें. दोघे म्हणतात निसरडें हवें, तिसरा म्हणतो मला धरूं द्या. तिघांचें समाधान करणारें तेल निराळें असतें, व त्याची खूणहि निराळी असते. १९९० नंतरच्या दशकांत मोटारींचीं तेलें अशीं अधिकाधिक निसरडीं होऊं लागलीं, आणि त्यांनीं मोटारसायकलींचे क्लच घसरूं लागले. म्हणून जपानच्या मोटार-मानक संस्थेनें १९९८ सालीं दुचाकींच्या तेलासाठीं ‘जासो टी ९०३’ हें मानक काढलें. ज्या डब्यावर ‘जासो एम्. ए.’, किंवा पुढील पोटभेदाचें ‘एम्. ए. २’ असेल, तें तेल ओल्या क्लचला चालतें. ‘एम्. बी.’ असें असेल तर तें कमी घर्षणाचें, मुख्यतः बिनगिअरच्या स्कूटरींसाठीं. त्यांचा क्लच कोरडा असतो. सुनेच्या स्कूटरचें उरलेलें तेल सासऱ्याच्या मोटारसायकलींत ओतण्याची काटकसर कोणाच्या घरीं चालू असेल, तर ती आजच थांबवावी. सिंथेटिक तेलासच दोष देणारेहि आम्हांस भेटले. तें खरें नव्हे. मोटारसायकलींसाठीं बनविलेलीं, योग्य खुणेचीं सिंथेटिक तेलें मिळतात व तीं उत्तम चालतात. पाहावयाची ती खूण आणि पुस्तिकेंत दिलेला दाटपणा. किंमत पाहूं नये.

आमच्या तरुणपणीं हा घोटाळा संभवत नव्हता. तेव्हांच्या दुस्ट्रोक गाड्यांत इंजिनाचें तेल पेट्रोलांत मिसळून जळून जाई, व गिअर आणि क्लच यांचें तेल वेगळें असे. १९८५ सालीं हिरो होंडाची १०० सी. सी. ची फोरस्ट्रोक गाडी आली, आणि पुढें त्या जातीच्या गाड्या घरोघर झाल्या. तिघांचें तेल एक करणारी रचनाहि त्यांच्याबरोबर घरोघर आली. आम्हीं नवी गाडी घेतली, पण डोक्यांत रचना जुनीच राहिली.

आमच्या नैयायिकांची अन्वय-व्यतिरेक म्हणून एक पद्धति आहे: अमुक असतां होतें, अमुक नसतां होत नाहीं, असें दोन्ही बाजूंनीं पटेल तेव्हांच त्यास कारण म्हणावें. फाल्गुनांत नव्या प्लेटा व जुनें तेल असतां क्लच महिनाभर घसरला नव्हता. प्लेटा त्याच राहिल्या, तेल बदललें, आणि घसरला. आम्ही शास्त्र शिकविणारे. हिशेब मात्र नापास विद्यार्थ्यानें बरोबर मांडिला. आमची खोटी अडचण एवढीच होती कीं दुसऱ्यानें केलेला बदल आमच्या डोळ्यांसमोर लख्ख उभा राहिला, व स्वतःच्या हातानें केलेला बदल स्मरणांतूनच पुसला गेला.

त्यानें कड्या पुसून योग्य तेलांत रात्रभर बुडवून ठेविल्या. नव्या प्लेटाहि बसविण्यापूर्वीं अशाच भिजवाव्या लागतात, नाहींतर पहिल्याच फेरींत जळतात. गाडी जोडून तेंच तेल भरलें, चाळीसेक किलोमीटर चालविण्यास सांगितलें, मग तेंहि काढून पुन्हां नवें भरलें, म्हणजे कानाकोपऱ्यांत राहिलेला निसरडा अंश धुऊन निघावा. पुष्कळदां एवढ्यानें क्लच सांवरतो. फार दिवस घसरत चालवून प्लेटांचा पृष्ठभाग कांचेसारखा गुळगुळीत झाला असेल तर मात्र त्या बदलण्यावांचून गत्यंतर नसतें. आमचें नशीब कीं आम्हीं घाटांत फार हट्ट केला नाहीं. निघतांना त्यानें आणखी एक ताकीद दिली. गाडी चालवितांना लीव्हरवर चार बोटें टेकवून ठेवण्याची आमची संवय त्यानें फार पूर्वींच हेरली होती. त्या बोटांच्या भारानेंहि स्प्रिंगांचा दाब थोडा सुटतो व प्लेटा अकारण झिजतात. चढावर गाडी अर्ध्या क्लचनें तोलून धरणें हें त्याहून वाईट. तें काम ब्रेकचें.

आम्हीं त्याची क्षमा मागितली, ती गॅरेजांतच, उभें राहून, सर्वांदेखत. तो इतका अवघडला कीं हातांतला पाना खालीं पडला. मजुरी घेईना, पुष्कळ आग्रहानंतर पॅकिंगचे व तेलाचे तेवढे घेतले. पण आदल्या दिवशींच्या चार गिऱ्हाइकांपैकीं त्या वेळीं तेथें एकच हजर होता. बाकीचे तिघे कोण, कोठले, आम्हांस ठाऊक नाहीं, आणि त्यांच्या मनांत त्या मुलाविषयीं आम्हीं घातलेला संशय कदाचित् आजहि असेल. हा लेख लिहिण्याचें तें एक कारण आहे. त्यांच्यापैकीं कोणाच्या घरीं हा अंक जात असेल तर बरें.

ज्येष्ठांत, पावसापूर्वीं, आम्ही उभयतां पुन्हां पांचगणीस गेलों. त्याच चढावर सौभाग्यवतींनीं मागून आमचा खांदा घट्ट धरिला, आणि वळण गेल्यावर सोडला. दातेरी कड्या पुन्हां ओट्यावर आहेत. मोटारीचें तें तेल डब्याच्या तळाशीं वाटीभर उरलें होतें. तें सध्यां फाटकाच्या बिजागऱ्यांना घालीत असतों. फाटक आतां मुळींच कुरकुरत नाहीं.